मधले पोते

खाद्याच्या कारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवले नव्हते. पण तंत्रनिकेतनातली पदविका घेऊन ते इथे लागले तेव्हापासून कोणाला काही सांगायचे झाले की ते आधी खिशातला खडू चाचपत आणि हाताशी येईल त्या पत्र्यावर आकृती काढत. मिक्सरवरची मंडळी म्हणत, मास्तरांना वाट विचारली तर ते नकाशा काढतील आणि खाली तारीख घालून सही करतील. हे त्यांच्या कानावर गेले होते, आणि मनातून आवडलेही होते.

कारखान्यात दोनच प्रकारचे खाद्य निघे, दुभत्या गाईंचे आणि स्पर्धेच्या घोड्यांचे. यंत्रे मात्र तीच. गाईंच्या खाद्यात कोकोच्या बियांची टरफले पडत आणि गाई ती मिटक्या मारत खात. तीच टरफले घोड्याच्या पोटात गेली की त्याच्या लघवीत थिओब्रोमीन नावाचा पदार्थ उतरतो. हृदयाला उत्तेजन देणारा म्हणून स्पर्धेत त्याला बंदी आहे. कोणी दिला, मुद्दाम दिला की चुकून गेला, याची वाट नियम पाहत नाही. सापडला की निकाल रद्द, आणि मग ज्याचा ज्याचा हात त्या घोड्याच्या तोंडाजवळ गेला त्या प्रत्येकाची चौकशी.

म्हणून गाईंचे खाद्य संपल्यावर घोड्यांचे सुरू करण्याआधी पाच पोती नुसता गव्हाचा कोंडा सगळ्या यंत्रांतून फिरवायचा. कामगार त्याला धुलाई म्हणत. तो कोंडा लाल सुतळीने बांधून पुन्हा गाईंकडे जाई. मग घोड्यांचा घाणा, वीस पोत्यांचा. प्रत्येक घाण्याचा नमुना पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या पोत्यातून सारखा काढायचा, एकत्र करायचा आणि काचेच्या बरणीत सहा महिने जपायचा. हे सगळे मास्तरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून भिंतीवर रंगवून घेतले होते.

बरण्यांचे कपाट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. काचा पुसलेल्या, चिठ्ठ्या एका रेषेत, आणि आत सोनेरी ओट, जवस, मक्याचे चपटे दाणे. पाहुणे आले की थोरले मालक त्यांना आधी या कपाटासमोर आणत. बावीस वर्षांपूर्वी अशाच एका पाहुण्याने बरणी उजेडात धरली आणि हसत म्हटले, "हे खाद्य आहे की झाडून गोळा केलेलं?" पहिल्या पोत्यात नेहमीच थोडी भुकटी येते, यंत्राच्या कोपऱ्यांतला चुरा येतो, तोच काचेला चिकटून दिसत होता. मास्तरांना ते वाक्य असे लागले की त्या आठवड्यापासून त्यांनी नमुना फक्त मधल्या पोत्यातून घ्यायला सुरुवात केली. अकरावे पोते. ना धूळ, ना चुरा. खाद्य तेच, बरणी तेवढी देखणी, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. नोंदीच्या कागदावर मात्र तिन्ही रकान्यांत बरोबरच्या खुणा पडत राहिल्या.

मोतद्दार आला तो दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. चाळिशीचा, काटक, बोटांना घोड्याच्या तेलकट केसांचा वास. दारातच त्याने बुटाची माती पुसली.

"मास्तर म्हणतात ते तुम्हीच ना? मी तांबडीला सांभाळतो. उड्यांच्या स्पर्धेतली घोडी."

मास्तरांना प्रकरण ठाऊक होते. स्पर्धेनंतर तांबडीच्या लघवीत थिओब्रोमीन सापडले होते. चौकशी समितीने तिने खाल्लेल्या घाण्याची बरणी मागवली होती, आणि प्रयोगशाळेचा अहवाल चारच दिवसांपूर्वी आला होता. थिओब्रोमीन आढळले नाही. धाकट्या मालकांनी तो सर्वांना वाचून दाखवला होता आणि मास्तरांच्या पाठीवर थाप मारली होती.

"बसा," मास्तर म्हणाले.

"बसत नाही, कपडे मळके आहेत. एकच विचारायचं होतं." "माझ्या खिशात चॉकलेटचे सात कागद सापडले. त्याचं असं झालं, मी वर्षापूर्वी तंबाखू सोडली. बायकोनं सांगितलं, तलफ आली की गोड काहीतरी तोंडात टाका. तेव्हापासून मी चॉकलेट खातो. लहान पोरासारखा. तबेल्यात सगळे हसतात. पण घोडीजवळ मी कधी खाल्लं नाही, आणि खाल्लं तरी हात धुतल्याशिवाय दाण्याला शिवलो नाही. शिंगरू असल्यापासून मी तिला वाढवलंय. मी तिला कशाला देईन?"

"समितीला सांगितलंत हे?"

"सांगितलं. ते म्हणाले, कागद बोलतात." तो कसनुसा हसला. "तर विचारायला आलो, तुमच्या खाद्यात ते असू शकतं का? मी आरोप करत नाही. फक्त असू शकतं का, एवढंच."

तेव्हा मास्तरांनी खडू काढला. टेबलाच्या पत्र्यावर मिक्सर काढला, उंच चढणारा बादल्यांचा पट्टा काढला, बाण काढून कोंड्याची वाट दाखवली. दहा मिनिटे ते बोलत होते. मोतद्दार मान डोलवत होता. शेवटी त्यांनी अहवालाची प्रत काढली आणि, कागद भिजू नये म्हणून, पारदर्शक पिशवीत घालून त्याच्या हातात दिली.

"हे वाचा. नमुना मी स्वतः काढलेला आहे."

त्याने सावकाश, ओठ हलवत वाचले. "म्हणजे तुमच्याकडून नाही."

"नाही."

"मग हे ताईंना दाखवतो." ताई म्हणजे घोडीची स्वार. "उद्या कोणी म्हणायला नको की माझ्याविरुद्धचा कागद मी दडवला. तुम्ही एवढा वेळ दिलात, मास्तर, आभारी आहे." जाताना त्याने खिशातून पोत्याची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "स्पर्धेच्या आठवड्यात तिनं या पोत्यातलं खाल्लं. तुमच्या दप्तरी लागेल म्हणून फाडून आणली होती."

तो गेल्यावर मास्तरांनी चिठ्ठी उचलली. घाण्याचा क्रमांक तोच होता. खाली त्यांच्याच माणसाने शिक्का मारला होता: पोते क्रमांक १.

ते बराच वेळ आकृतीकडे पाहत राहिले. मग बाहीने ती पुसून टाकली.

रविवारी कारखाना बंद असताना ते एकटेच आले. बादल्यांच्या पट्ट्याच्या तळाशी एक लोखंडी पेटी असते. तिचे झाकण काढायला पोटावर झोपावे लागते. मास्तर पालथे झोपले. विजेरीच्या उजेडात दिसले की पेटीच्या मागच्या बाजूचा पत्रा आत वाकला आहे आणि त्याच्या मागे पोकळी झाली आहे. त्यांनी खरवडणीचे टोक घातले. गडद तपकिरी, घट्ट बसलेला थर निघाला. नाकाशी नेण्याची गरज नव्हती, तरी त्यांनी नेला. वाढदिवसाच्या चॉकलेट केकचा वास.

सगळा हिशेब तिथेच, पोटावर पडल्या पडल्या, त्यांच्या ध्यानात आला. कोंडा हलका, तो थरावरून अलगद निघून गेला. मागून ओट आले, जड. त्यांनी तो थर तासला आणि पहिल्या पोत्यात नेऊन टाकला. अकराव्या पोत्यापर्यंत खाद्य लख्ख झाले होते. पहिल्या पोत्यातला चिमूटभर चुरा बरणीत असता, तर प्रयोगशाळेने तो दुसऱ्याच दिवशी पकडला असता. पत्रा कोणाचाही वाकतो. बरणी मात्र त्यांनी स्वतः भरली होती.

आणि मग, हात स्वच्छतेला सरावलेले असल्याने, त्यांनी तो थर पूर्ण खरवडला, पेटी पुसली, पत्रा ठोकून सरळ केला आणि कचरा कचऱ्यात टाकला. झाकणाचा शेवटचा बोल्ट आवळताना त्यांना कळले की आपण काय केले. कचऱ्यातून त्यांनी मूठभर थर परत काढला, कागदात बांधला, खिशात ठेवला. त्या खिशात खडूही होता.

त्यानंतर अकरा दिवस मास्तर कामावर जात राहिले आणि कोणाशी काही बोलले नाहीत. पुडी खणात होती. रोज सकाळी ते ठरवत, आज सांगायचे. मग धाकटे मालक समोरून येत, "काका, कसं काय," म्हणत, आणि मास्तर म्हणत, "ठीक." कपाटासमोरून जायचे ते टाळू लागले. काचेत स्वतःचा चेहरा दिसे, आणि त्याच्यामागे सोनेरी ओट.

बाराव्या दिवशी बायकोबरोबर ते बाजारात गेले. फळवाल्याकडे द्राक्षांच्या पेट्या होत्या. वरचा थर टपोरा, चकचकीत. अशा वेळी मास्तर ठरलेले भाषण करत: वरचा थर दाखवू नका, तळ दाखवा, गिऱ्हाईक आंधळे नसते. फळवाल्यांना ते पाठ झाले होते.

"तळातली दाखवा हो," बायको हसत म्हणाली, "नाहीतर आमचे मास्तर वर्ग घेतील."

फळवालाही हसला. "घेऊ द्या, वहिनी. आम्ही पाटी घेऊनच बसलोय."

दोघे मास्तरांकडे पाहू लागले. मास्तर वळले आणि पिशवी तिथेच ठेवून चालू लागले.

घरी आल्यावर तिने आधी द्राक्षे धुतली, मग समोर बसली. "बोला. आठवडाभर तुम्ही जेवणात चमचा फिरवता आहात, मला दिसत नाही असं समजू नका."

त्यांनी सगळे सांगितले. पाहुण्याच्या बोलण्यापासून चिठ्ठीपर्यंत. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे त्या फळवाल्यांना तुम्ही इतकी वर्षं..." आणि थांबली. ते वाक्य तिने पुरे केले असते तर बरे झाले असते, असे त्यांना वाटले.

"त्या माणसाची चौकशी कधी आहे?"

"गुरुवारी. त्याला कायमची प्रवेशबंदी होईल म्हणतात. कोणत्याच तबेल्यात काम मिळणार नाही."

"मुलंबाळं?"

"विचारलं नाही."

"चित्र काढायला वेळ होता." तिने हे शांतपणे म्हटले आणि द्राक्षांचा वाडगा उचलून आत नेला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत धाकट्या मालकांनी दार लावून घेतले, पुडी उघडून पाहिली आणि पुन्हा बंद केली.

"काका, अहवाल स्वच्छ आला आहे. प्रकरण आपल्या दारातून निघून गेलंय. आता खाजवून खरूज का काढायची?"

"एका माणसाचं पोटपाणी जातंय, मालक."

"त्याच्या खिशात सात कागद निघाले. आणि पहिलं पोतं कुठे आहे? घोडीनं खाल्लं. ही पुडी कुठली आहे हे कोण सांगणार? पुरावा म्हणजे फक्त तुमचा शब्द."

"माझा शब्द आजवर पुराव्यासारखा चालला," मास्तर म्हणाले, "म्हणून तर हे झालं."

धाकटे मालक खुर्चीत बसले. लहानपणी ते याच खोलीत मास्तरांच्या खडूने फरशीवर घोडे काढत असत. "तुम्ही सही केली, एवढंच ना? एका नोंदीत चूक. माणूस थकतो."

"एका नोंदीत नाही. कपाटात आज एकशे बारा बरण्या आहेत. सगळ्या मधल्या पोत्याच्या. त्यातली एकही कशाचीच साक्ष देऊ शकत नाही." हे बोलायला त्यांना सर्वांत जड गेले, मोतद्दाराविषयी बोलण्यापेक्षाही जड, आणि त्याचीही त्यांना तिथल्या तिथे लाज वाटली.

मालकांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "बाबांना हे माहीत होतं?"

"नाही. त्यांनी मला कधी विचारलं नाही. विश्वास होता."

"कारखान्याच्या कागदावर लिहू नका," मालक खिडकीकडे पाहत म्हणाले. "निदान तेवढं."

"साध्या कागदावर लिहितो."

तबेल्यात ताई स्वतःच लीद काढत होती. उंच, तिशीच्या आतली, केस टोपीखाली कोंबलेले. तांबडी कठड्यावरून मान काढून फाटकाकडे पाहत होती. मास्तरांनी आपली ओळख सांगितली तेव्हा तिने फावडे टेकवले.

"तो गेला," ती म्हणाली. "मीच जायला सांगितलं. दहा वर्षं होता. तुमचा अहवाल त्यानं स्वतः आणून दिला मला. म्हणाला, ताई, खाद्य स्वच्छ आहे, हे तुम्हाला कळायला हवं. मी वाचला आणि विचारलं, मग तुझ्याशिवाय उरलं कोण?"

मास्तरांनी उभ्या उभ्या सांगितले. ऐकताना ती त्यांच्याकडे पाहत नव्हती, घोडीकडे पाहत होती.

"मला हे कोणी सांगितलं नाही म्हणून मी चिडू," ती शेवटी म्हणाली, "की मी त्याला दहा मिनिटंसुद्धा दिली नाहीत म्हणून?" इस्पितळाच्या धुलाईघरात तो चादरींच्या घड्या घालतो, असे तिने सांगितले आणि पुन्हा फावडे उचलले. "मी येऊ का तुमच्याबरोबर, असं विचारणार होते. पण तोंड नाही."

धुलाईघरात वाफ कोंदलेली होती. मोतद्दार एका बाईबरोबर चादरीची दोन टोके धरून उभा होता. दोघे जवळ येत, मागे जात, घडी पडे. मास्तरांना पाहताच त्याने हातातली घडी पुरी केली, मग बाहेरच्या ओट्यावर आला.

या वेळी मास्तरांनी खडू काढला नाही. सांगायला तीन मिनिटे पुरली.

मोतद्दार बराच वेळ हात पुसत राहिला. हात कोरडेच होते.

"तुम्ही त्या कागदाला पिशवी घातली होती," तो म्हणाला. "मी बायकोला सांगितलं, बघ, किती व्यवस्थित माणूस आहे. भिजू नये म्हणून पिशवी घातली."

मोतद्दार ओट्याच्या कडेला टेकला.

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"टरफलांचं नव्हतं. बरणीचं होतं."

"आणि टरफलांचं कधी कळलं?"

"तुम्ही आलात त्याच आठवड्यात. रविवारी."

मोतद्दाराने बोटांवर दिवस मोजले. मोजताना तो प्रत्येक बोट नीट दुमडत होता, आणि मास्तरांना वाटले, याने शिवी दिली तर आपण सुटू. त्याने दिली नाही.

"गुरुवारी समितीसमोर कोण बोलणार?"

"मी."

"मग मी मागे बसतो. मला ऐकायचंय." तो आत जायला वळला आणि थांबला. "घोडी खाते का नीट?"

"फाटकाकडे बघत होती," मास्तर म्हणाले.

गुरुवारी समितीच्या खोलीत भिंतीवर फळा होता आणि फळ्याच्या कडेला पांढरा खडू. अध्यक्षांनी स्वतःहून विचारले, आकृती काढून समजावणार का. मास्तर म्हणाले, नको. आकृतीत सगळे बाण बरोबर असतात. चुकलेली गोष्ट त्यात दिसत नाही. त्यांनी पुडी ठेवली, चिठ्ठी ठेवली, साध्या कागदावरचे निवेदन वाचले.

"असा नमुना किती वर्षं काढत होता?"

"बावीस."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्याच नाही."

"मग कशासाठी?"

इतके दिवस त्यांनी या प्रश्नाची उत्तरे तयार केली होती. कामाचा ताण, जुनी पद्धत, गैरसमज. मागच्या रांगेत खुर्ची करकरली. "बरणी सुंदर दिसावी म्हणून," मास्तर म्हणाले. लिहून घेणाऱ्या बाईंनी मान वर करून पाहिले, पुन्हा विचारावे की काय असे त्यांच्या चेहऱ्यावर आले, पण त्यांनी ते तसेच लिहिले.

स्पर्धेचा निकाल रद्दच राहिला. घोडीच्या लघवीतली गोष्ट नियमाने खरीच होती. मोतद्दारावरचा ठपका मात्र निघाला. घोड्यांच्या खाद्याचे यंत्र महिनाभर बंद राहिले, एकशे बारा बरण्या रिकाम्या झाल्या, आणि कपाटाची किल्ली मालकांनी पोती शिवणाऱ्या बाईंकडे दिली. मास्तरांना त्यांनी काढले नाही. काढले असते तर, असे मास्तरांच्या मनात येई, रोज यायला लागले नसते.

यंत्र सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ताईकडे परतलेला मोतद्दार तबेल्याची गाडी घेऊन आला. पोती मोजून घेतल्यावर तो म्हणाला, "पहिलं कोणतं?"

कामगार एकमेकांकडे पाहू लागले. मास्तरांनी चिठ्ठी पाहून पोते पुढे ओढले, शिवण कापली आणि बाजूला झाले. मोतद्दाराने तळापर्यंत हात घातला, मूठ बाहेर काढली, तळहातावर पसरली. भुकटी होती, चुरा होता. त्याने ती नाकाशी नेली आणि डोळे मिटून, घाई न करता हुंगली. मग मूठ पोत्यात परत सोडली.

"ठीक," तो म्हणाला.

पोती शिवणाऱ्या बाईंनी सुई पुढे केली, पण मास्तरांनी पोते स्वतःच शिवले. दर पंधरवड्याला आता असेच होते. इतकी वर्षे मास्तरांवर विनोद करणारी मिक्सरवरची मंडळी त्या वेळी हातातले काम थांबवून उभी राहतात, आणि मोतद्दार हात झटकेपर्यंत मास्तर कात्री धरून त्याच्याशेजारी उभे असतात.